पाहुणा वजीर

तेविसाव्या चालीला मिहिकाने वजीर उचलला आणि जिथे तो हमखास मारला जाणार अशा घरात नेऊन ठेवला. मग तिने पेन्सिलीने चाल लिहिली, बाटलीचं झाकण उघडून पाण्याचा एक घोट घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. घसा कोरडा पडला तो काचेपलीकडे उभ्या असलेल्या तिच्या आईचा.

अकरा वर्षांखालील मुलींच्या राज्य स्पर्धेची ही शेवटची फेरी. मिहिका नऊ वर्षांची. हा डाव जिंकला तर तिची राज्याच्या संघात निवड होणार होती. पुण्यातल्या त्या सभागृहात आईवडिलांना आत जायला बंदी होती, बाहेरच्या गॅलरीत उभं राहून काचेतून बघायचं. ऋजुताला बुद्धिबळ जेमतेम कळायचं, पण बघायचं कसं ते कुणी तिला शिकवायला नको होतं. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिने द्राक्षं चार तुकडे करून दिली होती. अजूनही सांगलीत स्कूटर पंचविसाच्या वर न्यायची नाही.

शेजारी उभी असलेली नाशिकची एक आई सहानुभूतीने म्हणाली, "चूक झाली वाटतं हो तुमच्या मुलीची."

ऋजुतालाही तसंच वाटलं. पलीकडच्या मुलीने अकरा मिनिटं विचार करून वजीर मारला. त्यानंतर मात्र तिचा राजा घरात राहिला नाही. मिहिकाच्या घोड्याने त्याला बाहेर काढलं, उंटाने रस्ता अडवला, हत्तीने त्याला पटाच्या मधोमध हाकलत आणलं. चौतिसाव्या चालीला मात. नाशिकची आई दोन पावलं लांब सरकून उभी राहिली. मिहिकाच्या कपाळावर सगळ्यांसारखीच राखाडी पट्टी होती आणि कानामागे मसुराएवढा दिवा. इतर मुलींचे दिवे हिरवे होते. तिचा पिवळा झाला होता.

मुख्य पंचांनी मिहिकाला आणि ऋजुताला बाजूच्या खोलीत बोलावलं आणि निकाल राखून ठेवल्याचं सांगितलं. वजीर देताना मुलीची पट्टीवरची रेषा सपाट आहे, असं ते म्हणाले, दवाखान्यात वाईट रिपोर्ट सांगतात त्या आवाजात.

"पण मी जिंकले ना?" मिहिकाने विचारलं. पंच कागद चाळत राहिले.

*

त्या पट्टीचं नाव साक्षी. तीन वर्षांपूर्वी ती सक्तीची झाली, आणि तेव्हा ऋजुतानेही बरं झालं असंच म्हटलं होतं. संगणकाची चाल चोरून मिळवणं फार सोपं झालं होतं. तिळाएवढी यंत्रं कानात, दातात, बुटात बसायला लागली, आणि झडती घेऊन काही सापडेनासं झालं. तेव्हा काही मेंदूशास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. यंत्र कुठे लपवलंय ते शोधायचं नाही, चाल कुठून आली ते शोधायचं.

माणूस स्वतःच्या विचाराने एखादी मोलाची वस्तू सोडून द्यायला निघाला की हात हलण्याच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधी त्याच्या कपाळामागच्या भागात एक छोटी विद्युतलहर उठते. जायचं ठरलेलं असतं, तरी मन एकदा मागे वळून बघतं. शास्त्रज्ञ तिला संशयलहर म्हणतात. खेळाडू नुसतंच 'कच' म्हणतात. ज्याने कच खाल्ली त्याची चाल स्वतःची. ज्याला चाल बाहेरून आयती मिळाली तो नुसता निरोप पोचवत असतो, त्याला कसली कच? चाळीस हजार खेळाडूंच्या नोंदींवर पट्टी पारखली होती. हजारात आठ वेळा चुकते, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं.

ऋजुता संख्याशास्त्राची पदवीधर. मिहिका होण्याआधी कॉलेजच्या मुलांना नमुना-पाहणी शिकवायची. हजारात आठ म्हणजे नगण्य, असं तिनेही मुलांना कितीदा सांगितलं होतं. त्या आठांमधलं एक घरी जेवायला बसतं, गृहपाठ करतं, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

अपील करायचा अर्ज ऑनलाइन होता. 'रेषा सपाट असण्याचे कारण निवडा' असं विचारून खाली तीन पर्याय दिले होते: औषधोपचार, अपुरी झोप, कबुली. 'इतर' नव्हतं. तिने मदत क्रमांकावर फोन केला. एक मंजुळ आवाज तिला दर वेळी पुन्हा त्याच अर्जाकडे पाठवत होता. नवरा संकेत ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. शनिवारशिवाय घरी नाही आणि फोनवर निम्मा वारा. तो म्हणाला, अगं झोप लिही आणि मोकळी हो. तिने फोन ठेवला. मग झोपेवर बोट नेलं, काढलं, पुन्हा नेलं. मुलगी साडेनऊला झोपते, सहाला उठते. खोटं लिहायचं ते आपण खोटं बोललो नाही हे सिद्ध करायला. शेवटी तिने अर्ज बंद केला आणि समितीला सहा पानी पत्र लिहिलं.

पत्रासाठी लागणारं खरं कारण तिला मिहिका जिथे बुद्धिबळ शिकायची त्या कुपवाडे सरांच्या मंडळात मिळालं.

मंडळ म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यातली एक लांबट खोली, आठ टेबलं आणि एक लोखंडी कपाट. सर निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्याकडे एक जुना नियम होता, इतका जुना की तो सांगायला हवा हे कुणाच्या लक्षातही येत नसे: नव्या मुलाला वजीर मिळत नाही. समोरच्याकडे असतो, तुमच्याकडे नसतो. वर्षभर पंधरा सोंगट्यांनी खेळायचं. मग सर एका सोमवारी कपाट उघडतात, प्लास्टिकच्या डबीतून वजीर काढून तुमच्या पटावर ठेवतात आणि म्हणतात, पाहुणा आलाय, नीट वागा, पण तो जाणार आहे हे विसरू नका. मिहिकाला तो चौदा महिन्यांनी मिळाला होता.

"सर, ती वजीर देते तेव्हा तिला काय वाटतं?" ऋजुताने विचारलं.

"मला कशाला विचारायलाय? तिला विचारा की."

मिहिका खिडकीत बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "काही नाही. वजीर गेला की माझा नेहमीचा डाव सुरू होतो."

ऋजुताला एकदम उमगलं. चाळीस हजार खेळाडूंमध्ये एकही असा नसणार. सगळे पहिल्या दिवसापासून वजीर घेऊन बसलेले. जे कधी आपलं म्हणून धरलंच नाही ते सोडताना मन मागे वळेल कशाला? नमुनाच अपुरा होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हीच चूक शिकवायची, पाठ्यपुस्तकातली.

*

समितीचे मेंदूतज्ज्ञ डॉक्टर केळुसकर पडद्यावर भेटले. सभ्य, थकलेला माणूस. त्यांनी सहा पानं खरोखर वाचली होती, हेच तिला आधी खरं वाटेना. तुमचा मुद्दा बरोबर असू शकतो, असंही ते म्हणाले. पण एका मंडळासाठी पट्टी पुन्हा पारखायची तर निदान पाचशे मुलं लागतील, तशी वाढलेली. सरांची किती आहेत? ऋजुताने मोजून सांगितलं, एकोणीस. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

नियमाप्रमाणे महिन्याभराने फेरचाचणी होणार होती. पट्टी लावून तीन डाव. रेषा मर्यादेत आली तर नावावरचा फसवणुकीचा शेरा पुसला जाईल आणि निवड कायम. नाही आली तर दोन वर्षं बंदी, आणि शेरा कायमचा.

"म्हणजे तिने कच खायला हवी," ऋजुता म्हणाली.

"नाटक चालणार नाही बरं का. श्वास रोखला, दात आवळले, तर ते वेगळं दिसतं. लहर खरी लागते." थोडं थांबून ते म्हणाले, "हे मी डॉक्टर म्हणून नाही सांगत, मलाही मुलगी आहे. जरा भीती असलेली चांगलीच असते हो मुलांना. तुम्ही आई आहात, तुम्हाला जमेल."

जमेल. तिच्याइतकं कुणाला जमणार होतं? उंच घसरगुंडी, अनोळखी कुत्रं, उघडं गटार, न उकळलेलं पाणी, सगळ्याची भीती तिने स्वतःच्या हाताने, वेळच्या वेळी मुलीला दिली होती. फक्त त्या चौसष्ट घरांत तिचा हात पोचला नव्हता, कारण तिथलं तिला कळत नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन वर्षं बसू दे घरी. अकरा वर्षांची होईल, काय बिघडलं?"

"आणि शेरा? शाळेत पोरी तिला चोर म्हणायला लागल्यात, सर."

सरांनी पटावरच्या सोंगट्या उगाच सरळ केल्या.

*

सरावासाठी समितीकडून एक पट्टी महिनाभर मिळाली. ऋजुताने टॅबलेटवर रेषा लावली, रोज संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडला आणि वहीत तारखेनिशी नोंदी सुरू केल्या.

पहिला आठवडा वाया गेला. वजीर गेला तर आज कार्टून नाही, असं सांगून पाहिलं. मिहिकाने वजीर दिला, जिंकली आणि कार्टून मागायला विसरली. संगणकाशी खेळवलं, तो निर्दयपणे हरवायचा. हरली की ती सोंगट्या पुन्हा मांडायची. रेषा दुपारच्या कृष्णेसारखी शांत. ऋजुता समजावायची, बाळा, एवढी मोठी सोंगटी आपण देतोय, जरा विचार नको का? मिहिका म्हणायची, केला की विचार, म्हणून तर दिली. एकदा ऋजुताने वही आपटली. मग स्वतःच उचलून पान सरळ केलं.

तेराव्या दिवशी ती समोरच्या खुर्चीवर बसली. एरवी ती ओट्यापाशी उभी राहून बघायची, त्या दिवशी पाय दुखत होते एवढंच. मिहिकाने वजिराला हात लावला, वर बघितलं, आणि टॅबलेटवर रेषा उसळली. नखाएवढी, पण स्पष्ट. पुढची चाल प्याद्याची होती, तेव्हा काही नाही. नंतर पुन्हा वजीर, पुन्हा वर नजर, पुन्हा लहर. ऋजुताने वहीत वेळ लिहिली.

"आई, तू अशी नको ना बघूस."

"कशी?"

"पुण्याला काचेतून बघायलीस तशी."

ऋजुता ओट्याशी जाऊन उभी राहिली. रेषा सपाट. परत येऊन बसली. लहर. असं तिने चार वेळा केलं, शंका राहू नये म्हणून. प्रयोग म्हणून तो निर्दोष होता. मुलीला वजीर जाण्याची भीती नव्हतीच. भीती होती ती आईच्या चेहऱ्याची.

त्या संध्याकाळी तिने भाजीत मीठ दोनदा घातलं. संकेतने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, मग सापडलं की, आता सोड चिंता. वाऱ्यात पुढचं ऐकू आलं नाही. तिने स्वतःची समजूत घातली की हे एका महिन्यापुरतं आहे, पट्टीला दाखवण्यापुरतं, गोवराची लस टोचून घेतो तसं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती सहाच्या ठोक्याला खुर्ची ओढून समोर बसायला लागली. तो चेहरा तिला मुद्दाम करावा लागत नव्हता. शेवटच्या आठवड्यात ती ओट्याशी उभी राहिली तरी लहर येत होती. मुलगी आता चेहरा आठवू शकत होती.

*

फेरचाचणी त्याच सभागृहात झाली. समितीने नेमलेल्या प्रौढ खेळाडूंशी तीन डाव. या वेळी पालकांसाठी काचेजवळ रेषेचा पडदाही होता. सर ऋजुताबरोबर आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. पहिला डाव बरोबरीत सुटला, दुसरा मिहिका हरली. दोन्ही डावांत तिने एक प्यादंही फुकट दिलं नाही. निकालाला अर्थ नव्हता, वजिराकडे हात गेला की लहर उठत होती, रेषा मर्यादेत होती.

तिसऱ्या डावात एकोणिसाव्या चालीला सर पुढे सरकले आणि त्यांचं कपाळ काचेला टेकलं. ते पुटपुटले, आली. ऋजुतालाही दिसलं. महिनाभरात ती तेवढं शिकली होती. काळ्या राजासमोर एकच प्यादं होतं, त्यावर वजीर घालायचा, राजाने तो मारायचा, मग घोडा, मग दोन्ही हत्ती. शेवटपर्यंत तिला मोजता येईना, पण दार उघडं आहे हे कळत होतं.

मिहिकाचा हात वजिरावर गेला. बोटं टेकली नाहीत, वरच थांबली. तिने मान उचलून काचेकडे बघितलं.

ऋजुताला हसायचं होतं. मान डोलवावी, खेळ म्हणावं, निदान नजर बाजूला घ्यावी. पण कानामागचा दिवा हिरवा होता आणि पडद्यावर रेषा चढत होती, सुंदर, गोलाईदार, माहितीपत्रकातल्या चित्रासारखी. एका महिन्याच्या सहा वाजताच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर गोळा झाल्या होत्या. तो चेहरा तिला काढता आला नाही.

मिहिकाने हात मागे घेतला आणि हत्ती एक घर बाजूला सरकवला.

पिशवी उचलून सर बाहेर पायरीवर जाऊन बसले.

एकसष्टाव्या चालीला बरोबरी झाली. डॉक्टर केळुसकर स्वतः बाहेर आले, ऋजुताचं अभिनंदन केलं आणि आदर्श आलेख आहे, तुमची परवानगी असेल तर प्रशिक्षणात दाखवू, असं म्हणाले. शेरा पुसला होता, निवड कायम होती. ऋजुताने सही केली. सहा पानी पत्राचं काय झालं, असं तिने विचारलं. दफ्तरी दाखल केलंय, ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये सर पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले. साताऱ्याच्या पुढे मिहिकाने विचारलं, "आता मी चोर नाही ना?"

"नव्हतीसच कधी."

"त्यात मात होती आई. सात चाली. मला सगळ्या दिसत होत्या."

"मग का नाही खेळलीस?"

मिहिका खिडकीबाहेर बघत राहिली. आईने प्रश्नच चुकीचा विचारला असावा तशी. "तुझा चेहरा तसा झाला होता," ती म्हणाली.

*

सोमवारी ऋजुता मिहिकाला घेऊन मंडळात गेली. पट्टी आधीच परत पाठवली होती. खोली रिकामी होती, मुलं यायला अजून अवकाश होता. तिने सरांना तो तिसरा डाव मांडून द्यायला सांगितला, एकोणिसाव्या चालीपर्यंतचा. सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण मांडला. मग चहाचं आधण ठेवायला ते मागे गेले.

ऋजुता काळ्या सोंगट्यांच्या बाजूला बसली. मिहिका समोर. मुलीची नजर पटावर नव्हती, आईच्या चेहऱ्यावर होती.

"मी डोळे मिटते," ऋजुता म्हणाली. "तुला हवी ती चाल खेळ. झाली की सांग."

"खरंच मिटणार? मधेच नाही ना बघणार?"

"नाही."

तिने डोळे मिटले. नऊ वर्षांत मुलगी समोर असताना जागेपणी डोळे मिटल्याचं तिला आठवेना. स्टोव्हचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मिहिका खुर्चीवर पुढे सरकली, लाकडाचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही. पापण्या आपोआप उघडायला बघत होत्या. तिने हाताची मूठ आवळली. एक सोंगटी उचलली गेली, कुठेतरी टेकली.

"उघड."

वजीर जागेवरच होता. पटाच्या अगदी कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकलं होतं. मिहिका तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

"पुन्हा मागे घे ते," ऋजुता म्हणाली. "मी परत मिटते."

आणि तिने पुन्हा डोळे मिटले.